भोंग्याचं बटण

गाडी मी विकत घेतली तेव्हा तिच्या स्टिअरिंगच्या मधोमध भोक होतं. भोंग्याचं बटण जिथे असायला हवं तिथे कोणीतरी कापसाचा बोळा कोंबून वरून काळी चिकटपट्टी मारली होती. भोंगा वाजत नव्हता असं नाही. डॅशबोर्डच्या खाली, घराच्या दाराला असतं तसलं बेलचं पांढरं बटण स्क्रूने आवळलेलं होतं. ते दाबलं की पुढून रेडकू ओरडल्यासारखा आवाज यायचा.

“वाजतो ना काका,” विकणारा म्हणाला. “आवाज आला म्हणजे झालं.”

विकणारा म्हणजे जळगावातल्या एका जिनिंगवाल्या शेठचा नातू. त्या शेठकडे माझे वडील ड्रायव्हर होते आणि हीच गाडी चालवत होते. गोल पाठीची, पुढे जाळीदार तोंडाची विलायती गाडी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. नातवाला माझ्या वडिलांचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो “अच्छा?” म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागला. त्याला शेडची जागा मोकळी करून हवी होती, बाकी काही नको होतं.

मी पूर्ण तयारीने गेलो होतो. गाडीत काय काय मोडलंय, कोणता भाग कुठेच मिळणार नाही, सगळं तोंडपाठ होतं. पण त्याने माझ्या पहिल्याच आकड्याला मान डोलावली. असं कोणी केलं की माझं डोकं फिरतं. घासाघीस न करता माल देणारा माणूस तुम्हाला सांगत असतो की या वस्तूची त्याला किंमत नाही. आणि आमच्या घराने तर या वस्तूपायी मान खाली घातली होती.

ते असं झालं. अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा शेठने चार माणसांसमोर वडिलांना शब्द दिला, तुझ्या पोरीची पाठवणी माझ्या गाडीतून होईल. वडिलांनी ते गावभर सांगितलं. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, लग्न तिथे होतं, आणि अक्काचं सासर पिंपळनेरचं. लग्नाच्या सकाळी निरोप आला, शेठकडे इंदूरचे पाहुणे आलेत, गाडी मोकळी नाही. वडिलांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सांगितला, ट्रॉलीत गाद्या टाकल्या आणि अक्का त्या ट्रॉलीत बसून सासरी गेली. व्याह्यांमधला एक जण मोठ्याने म्हणाला, “गाडीचं बोनेट लईच लांब निघालं बुवा.” सगळे हसले. वडीलही हसले. दोन दिवसांनी ते कामावर हजर झाले तेव्हा कळलं की त्या दिवशी गाडी शेडमधून हललीच नव्हती. सीटना नवी कव्हरं घातली होती आणि ती वऱ्हाडाच्या पायांनी मळतील असं घरातल्या कोणालातरी वाटलं होतं.

मी तेव्हा शाळेत होतो. ती गोष्ट तेव्हापासून माझ्या पोटात आहे. राग धरू नये असं लोक सांगतात. मला तर रागानेच उभं केलं. सायकलवरून खेडोपाडी फिरून मी जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग गोळा केले, घासले, पुसले, विकले. आज जळगावात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि माझ्याशी भाव करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. शेठची गाडी विकायला निघाली आहे असं कानावर आलं त्या दुपारी मी ताटावरून उठलो. मनात एकच होतं. ही गाडी त्या दिवशी जशी होती तशी करायची, आणि अक्काला मागच्या सीटवर बसवून माहेरी न्यायचं.

इंजिन, ब्रेक, पत्रा ही कामं मी माणसं लावून करून घेतली. स्टिअरिंग मात्र स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं. वडिलांचे हात आयुष्यभर त्याच्यावर होते, दुसऱ्या कोणाला ते द्यावंसं वाटेना.

त्याच्यावर ट्रकवाले गुंडाळतात तसली प्लास्टिकच्या दोरीची वेटोळी होती. ती ब्लेडने कापली, तर आतली गोल कडी जागोजागी चिरलेली. जुन्या स्टिअरिंगला आत लोखंडाचा सांगाडा असतो आणि वरून प्लास्टिकसारखा टणक मसाला ओतलेला असतो. उन्हाने तो आकसतो, लोखंड आकसत नाही, आणि मग जिथे आरे कडीला मिळतात नेमकं तिथे तडकतं. आमच्या खानदेशाच्या उन्हात तर विचारायलाच नको. काही चिरा एवढ्या रुंद होत्या की आतलं गंजलेलं लोखंड दिसत होतं.

मधला नट काढण्याआधी मी स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि चाकावर पंचने एकेक खूण केली. ही खूण विसरली तर चाक परत बसवताना एक दात इकडे तिकडे होतो आणि मग गाडी सरळ चालते तेव्हा चाक तिरकं दिसतं. पुलर लावून चाक ओढलं, ते हातात आलं आणि गाडी एकदम मुकी वाटायला लागली. त्याच आठवड्यात अक्का एका लग्नासाठी जळगावला आली होती. ती दुकानामागच्या शेडमध्ये आली, पदर सावरत आत डोकावली आणि म्हणाली, “भाऊ, गाडीनं तोंड कोठे गयं?”

“दुरुस्तीला काढलंय.”

“मी बसू का मांगे?”

“आत्ता नको अक्का. सीटवर पोती पडलीत. सगळं झालं की तूच बसायचंस.”

ती दाराच्या कडीवरून हात फिरवून निघून गेली.

चिरा भरायच्या म्हणजे आधी त्या मोठ्या कराव्या लागतात. हे लोकांना उलटं वाटतं, पण तशीच वरून लांबी, म्हणजे पुट्टी, फासली तर महिन्याभरात पोपडा निघतो. करवतीच्या पात्याने प्रत्येक चीर खोल उकरायची, गंज खरवडायचा, थिनरने धुवायची आणि मग दोन लगद्यांची लांबी एकत्र मळून आत दाबायची. उन्हाळा लागला होता. जळगावच्या उन्हाळ्यात ती लांबी मळता मळता हातातच दगड व्हायची. मग मी सकाळी ऊन चढायच्या आत दुकान उघडून बसायचो, लांबीचे डबे माठाच्या तळाशी टेकवून ठेवायचो. बायको म्हणायची, “माझ्या गुडघ्यांना कधी एवढं तेल चोळलं नाही तुम्ही.” भरून झालं की जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. बोटांची सालं निघाली. पण एक दिवस डोळे मिटून कडीवरून बोट फिरवलं आणि चिरा कुठे होत्या ते कळलंच नाही.

रंग मूळचा हस्तिदंती होता. पेंटरने आणलेला पहिला डबा पिवळा निघाला, दुसरा चुन्यासारखा. त्याच्याशी माझी जोरात वाजली. शेवटी मी रस्त्यावरच्या गाडीवरून एक केळं आणलं, सोललं आणि सालीची आतली बाजू त्याच्या नाकासमोर धरली. “हा रंग पाहिजे.”

तो शांतपणे म्हणाला, “मग पळावं लागेल शेठ. केळं काळं पडायच्या आत मिळवावा लागेल.”

रंग जुळला. चाक बसवलं, खुणेला खूण आली. राहिलं फक्त मधलं भोक.

ते बटण मला डोळ्यांसमोर दिसत होतं. गोल, क्रोमची कडा, मध्ये लाल मिना आणि त्यात कंपनीचं चिन्ह. वडील रोज सकाळी गाडी पुसून झाली की शेवटी ते बटण धोतराच्या सोग्याने पुसायचे. दुसरं कुठलंही बटण लावलं असतं तर भोक बुजलं असतं, पण ती शेठची गाडी झाली नसती. आणि मला अक्काला शेठच्याच गाडीतून न्यायचं होतं.

मी इंदूरच्या जुन्या बाजारात जाऊन आलो. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाठवला तो दुसऱ्याच गाडीचा होता. एकाने कुरिअरने पाठवलं ते चक्क प्लास्टिकचं निघालं, वर लाल स्टिकर. त्या माणसाला मी फोनवर इतकं बोललो, इतकं बोललो की शेवटी तो म्हणाला, “काका, बीपीची गोळी घेतली का आज?”

मग एका ट्रकवाल्याने धुळ्याचा पत्ता दिला. आग्रा रोडच्या आत एका गल्लीत एक म्हातारे मेकॅनिक राहत होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. गॅरेज बंद केलं होतं, पण त्यांनी अशा दोन गाड्या खोलल्या होत्या आणि त्यांचे बारीकसारीक भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवले होते.

नाना ओट्यावर बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं. सौदा ठरायच्या आधी मी कोणाचा चहा घेत नाही. चहा घेतला की जीभ नरमते. त्यांनी आतून डबा आणला, त्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि फडकं मांडीवर उलगडलं.

तेच होतं. लाल मिना तसाच, क्रोम तसंच. आत स्प्रिंगसुद्धा होती. चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही. आमच्या धंद्यात हे पहिलं शिकावं लागतं. नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही. बैलबाजारात दात बघताना जसं तोंड वाकडं करतात, तसं मी केलं.

“मिना उडालाय नाना.”

“कोठे?”

“हे काय, कडेला.”

त्यांनी अंगठ्याने पुसलं. “ती धूळ आहे.”

“क्रोम गेलंय. स्प्रिंग बसलेली असणार. खरं सांगायचं तर भंगार आहे हे.”

“भंगार बघायला जळगावहून आलात?”

“धुळ्याला दुसरं काम होतं.”

“अस्सं. मग ते आधी उरकून घ्या. कचेऱ्या बंद होतील.”

त्यांनी भाव सांगितला. मी त्याच्या निम्म्याहून कमी सांगितला. त्यांनी फडकं चारी बाजूंनी दुमडलं आणि गाठ मारली. मी उठलो. “बरं नाना, येतो.”

“या.”

आता पुढचं कोणीही सांगेल. गिऱ्हाईक उठतं, पायऱ्या उतरतं, हळूहळू कोपऱ्यापर्यंत चालतं, आणि तेवढ्यात मागून हाक येते, “अहो, या इकडे, शेवटचं काय ते बोला.” आयुष्यभर माझे सगळे सौदे त्या कोपऱ्याच्या अलीकडे ठरले आहेत. मी चाललो. कोपऱ्यावर फुटाण्याची गाडी होती, तिथे थांबलो, फुटाणे घेतले, एकेक करून खाल्ले. हाक आली नाही. जो आधी हाक मारतो तो हरतो, आणि जो मागे फिरतो तोही हरतो. नाना माझ्याच शाळेतले निघाले. मी जळगावची बस धरली.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, “बटण आणायला गेला होता की त्या म्हाताऱ्याला हरवायला?”

“फोन येईल त्यांचा,” मी म्हणालो. निघताना ओट्यावर माझं कार्ड ठेवून आलो होतो.

फोन आला नाही. उन्हाळा सरला. मीही केला नाही. गाडी शेडमध्ये झाकून उभी होती. दर रविवारी मी तिला सुरू करायचो, थोडी पुढे घ्यायचो, थोडी मागे. बाकी सगळं चोख होतं. मधल्या भोकावर मी स्वच्छ कापडाचा तुकडा लावून ठेवला होता.

श्रावण लागला आणि अक्काचा फोन आला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सुरतेला, नाशिकला पोटापाण्याला गेलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी गावाला येतात. अक्काने लग्नानंतरही एक कानबाई चुकवली नव्हती.

“भाऊ, कानबाईले मी तुन्ही नवी जुनी गाडीमा येसू.”

“अक्का, गाडी अजून तयार नाही.”

“काय र्‍हायनं?”

“भोंग्याचं बटण.”

ती म्हणाली, “चाक फिरस ना?”

“फिरतं.”

“बिरेक लागस ना?”

“लागतो.”

“मंग चाल ना रे. बठ्ठी गाडी व्हयनी, नि बटणसाठे अडनी?”

मी समजावलं, की तशी अर्धवट गाडी घेऊन मी गावात शिरणार नाही, लोक बघतील, नेईन तर पूर्ण करून नेईन. माझी रोजची गाडी पाठवतो, एसी आहे, आरामात ये.

“तसली ते बठ्ठासकडे शे,” अक्का म्हणाली. “मी तीच गाडीमा येसू. नही ते पुढला साल.”

“पुढच्या वर्षी नक्की. माझा शब्द.”

“बरं भाऊ.”

अक्का खरंच आली नाही. मला वाटलं होतं ती रुसून का होईना पोराबरोबर येईल. कानबाई बसली, देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ घातली, रोटांचा नैवेद्य झाला. रात्रभर बायका गात होत्या, पण गाणं मध्येच अडायचं, कारण पुढची ओळ अक्कालाच यायची. सगळ्या माझ्याकडे बघायच्या. चुलत बहीण म्हणाली, “अक्काले काब्र नही आनं?” मी सांगितलं, “पुढच्या वर्षी गाडीतून येणार आहे ती. बघशील थाट.”

दिवाळीच्या आधी अक्का पिंपळनेरच्या घरात ओटा धुताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. मी जळगावहून गेलो तेव्हा ती गुंगीत होती. तिचा मुलगा, माझा भाचा, बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याने सांगितलं. हाड जुळेल, वॉकर धरून चालेल, पण पाटावर बसायचं नाही, वाकायचं नाही, बसायची जागा उंच हवी. या वयात आता ते कायमचंच धरा.

मी विचारलं, “गाडीत?”

“उंच गाडी असली तर चालेल मामा. खाली बसायच्या गाडीत नको म्हणालेत. पाय दुमडतो ना.”

मी तिथून उठलो आणि चालत आग्रा रोडला आलो. काय करणार होतो ते ठरवलं नव्हतं. पाय नानांच्या गल्लीत वळले.

नाना ओट्यावरच होते. मला पाहून म्हणाले, “आलात.”

“आलो.”

“झालं का धुळ्याचं काम?”

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शेठचा शब्द, ट्रॉली, कानबाई, खुबा. सांगून झाल्यावर नाना म्हणाले, “हे त्या दिवशी बोलला असता तर?”

“सौद्यात असं कोणी बोलतं का नाना?”

“नाही बोलत,” ते म्हणाले. “तुमचं कार्ड मीही दोनदा हातात घेतलं होतं. मग म्हटलं, गरज त्याला आहे, येईल तो.”

ते आत गेले, डबा आणला. मग शेजारच्या किराणा दुकानात हाक मारून काटा मागवला. फडक्याची गाठ सोडली आणि बटण पारड्यात ठेवलं. पारडं जेमतेम हललं.

“हे काय करताय?”

“भाव तुम्हीच ठरवला होता ना. भंगार म्हणालात.” त्यांनी रक्कम सांगितली. टपरीवर एक चहा येईल, एवढीच.

मी म्हणालो, “तुम्ही त्या दिवशी सांगितला तो भाव देतो. वर चार पैसे देतो.”

“तो भाव बटणाचा होता. भंगाराचा हा.”

“नाना, असं करू नका.”

“का? स्वस्त पडतंय ना तुम्हाला?”

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवण्यासाठी भांडत होतो. आवाज चढला माझा. गल्लीतली दोन माणसं थांबून बघायला लागली. नाना हलले नाहीत. शेवटी मी सुटे पैसे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले. या खेपेला त्यांनी चहा विचारला नाही. मी कोपऱ्यापर्यंत गेलो, तेव्हा वाटत होतं की एक हाक यावी, शिवी का असेना.

बटण बसलं. खालची स्प्रिंग, तिच्यावर पितळी चकती, कॉलममधून वर आणलेली वायर. अंगठ्याने दाबलं आणि दोन सुरांचा तो जुना, भरदार आवाज शेडभर घुमला. शेठच्या फाटकाशी वडील वाजवायचे तोच. दुकानातली पोरं बाहेर धावत आली, टाळ्या वाजवल्या. मी चिंधीने बटण पुसलं आणि बटण पुसतच उभा राहिलो.

पौषात अक्काला तपासणीसाठी धुळ्याला न्यायचं होतं. मी भाच्याला फोन करून सांगितलं की मी येतो गाडी घेऊन. तो “बरं” म्हणाला, पण त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. मी बाजारातून दोन जाड उशा आणल्या आणि मागच्या सीटवर एकीवर एक रचल्या. जळगावहून धुळे, साक्री आणि पुढे पिंपळनेर, गाडीने एवढ्या लांबवर एकदाही कुरकुर केली नाही. रस्त्यात लोक हात दाखवत होते, मोबाइलने फोटो काढत होते.

अक्का वॉकर धरून दारापर्यंत आली. वाळली होती, पण डोळे तेच. मी मागचं दार उघडलं. तिने सीटकडे पाहिलं, उशांकडे पाहिलं, दाराच्या चौकटीकडे पाहिलं. चौकटीची वरची कड तिच्या खांद्याएवढीच होती. आत जायचं तर आधी वाकावं लागलं असतं आणि मग खाली टेकावं लागलं असतं.

“मामा, नको,” भाचा म्हणाला. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तू गप रे. तिला काय जमतं ते मला माहीत आहे.”

“त्याले काब्र बोलस?” अक्का म्हणाली. “पोर खरं सांगस.”

तिने वॉकर पुढच्या दाराशी नेला. काच खाली होती. एका हाताने वॉकर धरून तिने दुसरा हात आत घातला, हस्तिदंती कडीवरून फिरवला आणि मधलं बटण दाबलं. कोंबड्या ओरडत पळाल्या. समोरच्या घरातून बायका बाहेर आल्या. अक्का हसली. तिने दुसऱ्यांदा दाबलं.

“झकास शे,” ती म्हणाली. “पण भोंगा ते मी तोंडघाई वाजाडी देती रे भाऊ.” आणि तिने तोंडाने ‘पों पों’ करून दाखवलं.

मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी शेठने तुला ट्रॉलीतून पाठवलं. मला ते फेडायचं होतं.”

“काय फेडनं व्हतं? ट्रॉलीमा मन्ह्या बठ्ठ्या मैतरनी बठन्यात. गाणं म्हनत म्हनत गयूत आम्ही. त्या गाडीमा दोन बी मावत्यात नही.”

“पण लोक हसले.”

“हसनात. मी बी हसनू. मन्हं लगीन व्हतं, भाऊ. तुन्हं नही.”

“मग कधी बोलली नाहीस ते.”

“तू कव्हय इचारं?”

भाच्याने ओट्याशी त्याची उंच जीप आणून लावली. अक्का ओट्यावरूनच, न वाकता, सरळ पुढच्या सीटवर सरकली. भाच्याने तिचा पाय हळूच आत घेतला आणि वॉकर मागे टाकला. मी बाजूला उभा राहून बघत होतो.

शेठने शब्द मोडला, हे मी आजही म्हणतो. वडिलांना चारचौघांत मान खाली घालावी लागली, ते अक्का विसरली असेल, मी विसरणार नाही. पण अक्काने स्वतःच्या तोंडाने आयुष्यात त्या गाडीची एकच फेरी मागितली होती, आणि ती शेठकडे नव्हती मागितली. शेठकडे पाहुण्यांचं कारण होतं, माझ्याकडे बटणाचं. सीट तेव्हाही रिकामीच होती आणि श्रावणातही रिकामीच होती.

जीप निघाली, मी मागोमाग निघालो. साक्रीच्या अलीकडे भाच्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं अक्काला त्रास होतोय. मी काच खाली केली.

“मामा, तुम्ही पुढे व्हा,” तो म्हणाला. “आई म्हणते तिला गाडी बघायचीय.”

मी पुढे झालो. तिला नीट दिसावं म्हणून वेग कमी ठेवला. आरशात जीपची काच दिसत होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, त्यामुळे अक्का दिसत नव्हती. तिला मात्र माझी मागची काच दिसत असणार, आणि काचेतून आत सीटवर रचलेल्या त्या दोन उशा. एका वळणावर वरची उशी घसरली आणि दाराशी जाऊन पडली. गाडी थांबवून ती नीट करावी असं वाटलं, पण मागे जीप होती, म्हणून मी तसाच धुळ्यापर्यंत आलो.